भट्टी शिरोलीत, नफा बेटावर

गेली 22 वर्षं मी कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि कराची कामं बघतो. दर महिन्याच्या 18-19 तारखेला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, माझी बैठक ठरलेली असते, कारण 20 तारखेच्या आत जीएसटीचं विवरणपत्र भरायचं असतं. बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत, कर भरावाच लागतो. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या ऑफिसच्या काचेतून शेड दिसते. संध्याकाळी हीट, म्हणजे भट्टीतलं वितळलेलं लोखंड, तयार झाली की लॅडल, म्हणजे ते ओतायचं भांडं, साच्यांच्या रांगेवरून पुढं सरकते, 1,400 अंशांच्या आसपासचं मेटल साच्यात उतरतं, जळक्या वाळूचा वास ऑफिसात येतो आणि आमचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबतं. ओतणारी माणसं तीन. त्यांच्यातल्या एकाला मी 15 वर्षं त्याच जागी बघतोय.

मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी आण्णांनी माझ्यासमोर एक जाडजूड छापील अहवाल ठेवला. ज्या मोठ्या कंपनीला ते गिअरबॉक्सची हाउसिंग (बाहेरची कवचं) पुरवतात, तिचा तो वार्षिक अहवाल. त्याच आठवड्यात कंपनीकडून मेल आली होती, पुढच्या वर्षासाठी दरात 3 टक्के ‘कॉस्ट डाउन’ द्या म्हणून. पिग आयर्न महागलेलं, विजेचं बिल वाढलेलं, आणि आधीच्या मालाचे पैसे तीन महिने अडकलेले. कंपनी खरोखरच अडचणीत आहे का, एवढंच त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं.

कंपनी अडचणीत नव्हती. पण संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांच्या पानावर आण्णांनी बोट ठेवलं. “हे काय वो?”

ती रॉयल्टीची ओळ होती. मी सांगितलं, की कंपनीच्या नावाची आणि डिझाइनची मालकी परदेशातल्या दुसऱ्या एका कंपनीकडं आहे, आणि नाव वापरायला दिल्याबद्दल तिला दरवर्षी विक्रीच्या टक्केवारीत हे पैसे जातात.

“ती दुसरी कंपनी कुनाची?”

“यांचीच. दोघींची मूळ कंपनी एकच.”

आण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे सोताच्याच घराचं भाडं सोतालाच द्यायचं, आनि ते खर्चात धरायचं. आमी असं केलं तर तुमीच आमाला झाडशीला.”

आण्णांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी तसं केलं असतं तर मी त्यांना अडवलंच असतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. माल जिथं बनतो आणि विकला जातो, तिथंच नफ्यावर कर भरला गेला पाहिजे, आणि तो भरला जातो की नाही हे सामान्य माणसाला बघता आलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आज दोन्ही होत नाही. त्याची किंमत कोल्हापूरसारख्या, हातानं माल बनवणाऱ्या गावांना मोजावी लागते.

‘ऑफशोअर’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, त्या आधी सोडवून घेतल्या पाहिजेत. पहिली, काम देशाबाहेर पाठवणं. दुसरी, नफा देशाबाहेर पाठवणं. पहिल्या गोष्टीवर मी सरसकट टीका करणार नाही, करूही शकत नाही, कारण कोल्हापूरची अर्धी औद्योगिक वसाहत त्यावर जगते. अमेरिका-युरोपातल्या कंपन्यांना स्वतःच्या देशात ओतकाम महाग पडायला लागलं, धुराचे आणि धुळीचे नियम कडक झाले, तिथल्या फाउंड्र्या बंद होत गेल्या आणि ते काम भारत-चीनकडं सरकलं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतत मोठ्या झालेल्या आमच्या गावानं ते अंगावर घेतलं. शिरोलीचं कास्टिंग आज कुठल्या कुठल्या देशांतल्या गाड्यांत बसलेलं असतं. हजारो घरांत त्यातून चूल पेटते. तिकडच्या कामगाराचं काम गेलं, हे मी विसरत नाही. 2008 च्या मंदीत आमच्याकडच्या पाळ्या बंद झाल्या, तेव्हा काम जाणं म्हणजे काय असतं ते आम्हीही अनुभवलं आहे.

पण काम इथं आलं ते सगळं घेऊन आलं. धूर आला. जळक्या वाळूचे ढीग आले. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायच्या, शेडमधली सिलिकाची धूळ आली, आणि ती माणसाच्या फुप्फुसात कायमची बसते. काम हलवायचं तर भट्टी लागते, वीज लागते, रस्ता लागतो, पहाटे चारला उठून येणारा माणूस लागतो. नफा हलवायला यातलं काहीच लागत नाही. एक पत्ता आणि काही करारांचे कागद पुरतात. केमन बेटांची लोकसंख्या लाखभरही नाही. तिथल्या अगलंड हाउस नावाच्या पाच मजली इमारतीत 18 हजारांहून अधिक कंपन्या नोंदलेल्या असल्याचं अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2008 मध्ये सांगितलं होतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या तिन्ही वसाहतींत मिळूनही इतके कारखाने नाहीत.

नफा हलतो कसा, हे समजायला फार अवघड नाही. कास्टिंग हातात धरता येतं, वजन करता येतं, त्याचा बाजारभाव विचारता येतो. नाव, पेटंट, डिझाइन, सॉफ्टवेअर यांचं वजन होत नाही. म्हणून एखादा मोठा समूह या न दिसणाऱ्या वस्तूंची मालकी कमी कराच्या देशातल्या स्वतःच्याच कंपनीकडं ठेवतो, आणि बाकीच्या देशांतल्या स्वतःच्याच कंपन्यांकडून तिचं भाडं घेतो. समजा, इथल्या कंपनीचे 100 रुपये नफा म्हणून राहिले, तर त्यावर आज साधारण 25 रुपये कर बसतो. तेच 100 रुपये रॉयल्टी म्हणून बाहेर गेले तर ते खर्चात पडतात, आणि बहुतेक करारांप्रमाणे इथं 10 ते 15 रुपयेच कर कापला जातो. घेणारी कंपनी जपान-जर्मनीसारख्या देशात असेल तर तिथं तिला कर भरावा लागतो, आणि मग माझी तक्रार बरीच सौम्य होते. पण समूह तिला तिथं ठेवेलच असं नाही. केमनसारख्या बेटाशी भारताचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार नाही, म्हणून पैसे सरळ बेटावर जात नाहीत. आधी करार असलेल्या एखाद्या देशातल्या कंपनीकडं जातात आणि तिथून पुढं सरकतात. वाटेतल्या प्रत्येक देशात सगळे कागद कायद्याप्रमाणे असतात.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते ॲपलच्या प्रकरणात जगानं पाहिलं. युरोपभर विकलेल्या फोनांचा नफा आयर्लंडमधल्या कंपन्यांत जमा व्हायचा, आणि तिथून एका अशा ‘मुख्यालया’च्या नावे दाखवला जायचा, ज्याला ना कर्मचारी होते, ना इमारत, ना देश. युरोपीय आयोगाच्या हिशेबानं 2014 मध्ये त्या नफ्यावरचा कर 0.005 टक्के भरला, म्हणजे 10 लाख युरोला 50 युरो. आयोगानं 2016 मध्ये 13 अब्ज युरो वसूल करायला सांगितले, तर खुद्द आयर्लंड सरकारच आपल्याला हा पैसा नको म्हणून कोर्टात उभं राहिलं. 10 सप्टेंबर 2024 ला युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं आयोगाच्या बाजूनं निकाल दिला. युरोपियन युनियनच्या कर वेधशाळेनं काढलेला जगाचा अंदाजही सांगतो: 2022 मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांचा सुमारे 1 लाख कोटी डॉलरचा नफा करमुक्त ठिकाणी हलवला गेला, म्हणजे मूळ देशाबाहेर मिळवलेल्या त्यांच्या नफ्यातला सुमारे 35 टक्के.

आता इथं मला साखरेची गोष्ट काढायची आहे. रॉयल्टीला खर्च म्हणणाऱ्या याच करव्यवस्थेनं आमच्या सहकारी कारखान्यांशी काय केलं, हे आमच्या जिल्ह्यात प्रत्येक घराला माहीत आहे, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून कुणी बघत नाही.

सहकारी साखर कारखान्याचा मालक म्हणजे ऊस घालणारा सभासद. केंद्र सरकार उसाचा किमान दर ठरवतं. कारखाना चांगला चालला तर त्याहून जास्त दर देतो. कोल्हापूर-सांगलीकडं तो दर आंदोलन करून, रस्ते अडवून, ऊसतोडी थांबवून मिळवलेला असतो. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं असं पडलं, की किमान दरापेक्षा जे जास्त दिलं तो खर्चच नाही, ती मालकांना केलेली नफ्याची वाटणी आहे, म्हणून त्यावर कारखान्यानं कर भरावा. वर्षानुवर्षं नोटिसा आल्या, व्याज चढलं, दंड चढला. 2019 मध्ये शेजारच्या तासगावच्या कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही दरातला नफ्याचा भाग वेगळा काढून तपासायला सांगितलं. 2016-17 च्या आकारणीपासून पुढं सरकारनं या रकमेला खर्च म्हणून मान्यता दिली होती, पण मागचं ओझं 2023 च्या अर्थसंकल्पापर्यंत कारखान्यांच्या मानेवर होतं. ते उतरवताना अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, की यातून सहकारी कारखान्यांना जवळपास 10 हजार कोटींचा दिलासा मिळेल.

म्हणजे करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याच्या उसाचे दोन पैसे जास्त दिले, तर ती मालकाला दिलेली नफ्याची वाटणी. आणि परदेशातल्या मालक-कंपनीला नावाचं भाडं म्हणून शेकडो कोटी दिले, तर तो धंद्याचा खर्च. शेतकऱ्यानं निदान ऊस तरी घातला होता. त्याच्या शेतात लागण झाली होती, पाण्याची पाळी धरायला तो रात्री उठला होता. रॉयल्टीची तपासणीच होत नाही असं मी म्हणत नाही. 2001 पासून आपल्याकडं ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांचे दर तपासण्याचा, कायदा आहे आणि त्याचे अधिकारी कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडतात. पण तिथं वाद किती टक्के रॉयल्टी रास्त, एवढ्यापुरताच राहतो. मालकानं मालकाला दिलेलं भाडं हा खर्च कसा, हा आण्णांचा प्रश्न तिथं क्वचितच निघतो. आणि 2009 च्या डिसेंबरपर्यंत रॉयल्टीवर सरकारी मंजुरीची मर्यादा होती. तंत्रज्ञानासाठी देशातल्या विक्रीच्या 5 टक्के आणि निर्यातीच्या 8 टक्के, नुसतं नाव वापरण्यासाठी 1 आणि 2 टक्के. ती आपणच काढून टाकली.

मॉरिशसचं प्रकरण तर जुनंच आहे. 1982 च्या करारानं तिथल्या कंपनीला भारतातले शेअर विकून झालेल्या नफ्यावर इथं कर लागत नव्हता, आणि तिथंही लागत नव्हता. या देशाची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, 2011 च्या जनगणनेतल्या आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या एक तृतीयांश. तरी एप्रिल 2000 पासून भारतात आलेल्या परकीय भांडवली गुंतवणुकीत मॉरिशस आणि सिंगापूर मिळून जवळपास निम्मा वाटा दिसतो. एवढं भांडवल त्या बेटावर पिकत नाही हे उघड आहे. ते दुसरीकडून येऊन तिथून जातं, आणि त्यातलं काही भारतातूनच बाहेर पडून वळसा घालून परत आलेलं असतं, असा संशय सरकारी कागदांतही नोंदला गेला आहे. इकडं आण्णांच्या धाकट्या भावानं हालोंडीजवळचा दहा गुंठ्यांचा प्लॉट विकला, तेव्हा भांडवली नफ्याचा कर मीच भरून घेतला.

व्होडाफोनची गोष्टही त्याच धाटणीची. 2007 मध्ये आमच्या गल्लीबोळांतल्या रिचार्जच्या दुकानांवरच्या हचच्या पाट्या उतरल्या आणि व्होडाफोनच्या लागल्या. टॉवर इथले, ग्राहक इथले, दरमहा पैसे भरणारे आम्ही. सुमारे 11 अब्ज डॉलरचा तो सौदा झाला केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर हातातून हातात देऊन. प्राप्तिकर खात्यानं सुमारे 11 हजार कोटींचा कर मागितला. जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कायद्यात तसा कर बसत नाही. सरकारनं मग मागील तारखेपासून कायदा बदलला. ती मात्र मोठी चूक होती असं मला वाटतं, कारण खेळ संपल्यावर नियम बदलणाऱ्या सरकारवर छोटा कारखानदारही विश्वास ठेवत नाही. 2021 मध्ये तो बदल मागं घेतला गेला, ते योग्यच झालं. पण आधीच, वेळेवर, स्पष्ट शब्दांत कायदा केला असता तर ही वेळ आली नसती.

आमच्या गावाकडं या सगळ्यावर एक उत्तर आहे, आणि ते पायात घालायचं आहे.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, या आठ जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच ते नाव लावता येतं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही. गावात केवढा संताप झाला ते आम्ही पाहिलं. नंतर कंपनीनं मूळ मान्य केलं, आणि डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून सुमारे 2 हजार जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचं ठरवलं. किंमत जोडाला सुमारे 800 युरो.

सुभाषनगरातल्या कारागिराच्या दारात बसून बघा. तळ कापायचा, ओला करून ठोकायचा, चामड्याच्याच वादीनं शिवायचा, घरातल्या बाईनं वेणी घालायची. त्या 800 युरोंपैकी यातल्या हातांना किती मिळतात, हा प्रश्न रास्तच आहे. पण कर सल्लागार म्हणून मला त्या मानांकनाच्या कायद्यातलं एक कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. 1999 च्या या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे भौगोलिक मानांकन कुणालाही विकता येत नाही, नावावर करता येत नाही, परवान्यानं देता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. ट्रेडमार्कचं अगदी उलट. ट्रेडमार्क आज मुंबईतल्या कंपनीच्या नावे असेल तर उद्या लक्झेंबर्गच्या कंपनीकडं जाऊ शकतो, परवा आणखी कुठं. ‘कोल्हापुरी’ हे नाव पंचगंगेच्या काठावरून उठून केमनच्या पाच मजली इमारतीत जाऊन बसू शकत नाही. कायदाच जाऊ देत नाही.

म्हणजे न दिसणाऱ्या मालमत्तेला जागेशी बांधून ठेवणं शक्य आहे, आणि आपल्याच संसदेनं ते करून दाखवलेलं आहे. सगळे ट्रेडमार्क मानांकनासारखे करा, असं मी म्हणत नाही, ते होणार नाही. पण नावाची किंमत ज्या बाजारात, ज्या ग्राहकांमुळं आणि ज्या कामगारांच्या हातांनी तयार झाली, तिथल्या कराचा त्या किमतीवर पहिला हक्क असावा, यात अशक्य असं काहीच नाही.

मी हे बोललो की समोरून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, हे सगळं कायदेशीर आहे. बरोबर, बहुतांश कायदेशीरच आहे. म्हणूनच ही बातमी पोलिसांच्या छाप्याची होत नाही, आणि म्हणूनच कायदा बदलण्याची मागणी करावी लागते. दुसरी गोष्ट, कर लावला तर गुंतवणूक पळून जाईल. 2016 मध्ये मॉरिशसचा करार बदलला आणि एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गुंतवणुकीवर भांडवली नफ्याचा कर लागू झाला, तेव्हाही हीच भीती घातली गेली होती. 2016-17 मध्ये भारतात सुमारे 43 अब्ज डॉलरची परकीय भांडवली गुंतवणूक आली होती, 2020-21 मध्ये सुमारे 60 अब्ज. नंतरच्या वर्षांत ती खालीवर झाली, पण आकाश कोसळलं नाही. ज्याला 140 कोटींच्या बाजारात माल विकायचा आहे, तो बाजार सोडून कुठं जाणार? आणि जो नुसत्या करमाफीसाठी आला असेल, तो शिरोलीत भट्टी घालायला आलेलाच नव्हता.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळे देश एकमेकांच्या अंगावरून कर खाली ओढत आहेत आणि आपणही त्या शर्यतीत उतरलो आहोत. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनंच 1.45 लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सांगितलं होतं. आण्णांची भागीदारी फर्म मात्र 30 टक्क्यांवरच राहिली. उपकर धरून 31.2, आणि नफा 1 कोटीच्या वर गेला की अधिभारासह जवळपास 35 टक्के. त्यांच्याकडून हाउसिंग घेणारी कंपनी 25.17 टक्क्यांवर. कंपनीच्या भागधारकाला लाभांशावर पुन्हा कर लागतो, हे मला माहीत आहे, आणि भागीदाराला फर्मच्या नफ्यातला वाटा करमुक्त मिळतो, हेही. पण जी कंपनी नफा लाभांश होण्याच्या आधीच रॉयल्टी म्हणून बाहेर काढू शकते, तिच्या बाबतीत ही तुलना टिकत नाही. गुजरातेतल्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात बसणाऱ्या वित्तसंस्थेला तर कायद्यानंच वर्षानुवर्षांची करमाफी आहे. सिंगापूर-दुबईला गेलेला धंदा परत आणायचा, हा हेतू मी समजू शकतो. तरी देशाच्या आतच एक बेट तयार करून बेटांशी लढता येतं, हे मला पटत नाही.

जगात काही हालचाल झाली नाही असंही नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये 136 देशांनी, 75 कोटी युरोंपेक्षा मोठी उलाढाल असलेल्या समूहांवर किमान 15 टक्के कर बसवायचं मान्य केलं. जून 2025 मध्ये जी-7 देशांनी अमेरिकी समूहांना त्याच्या मुख्य नियमांतून वगळायला संमती दिली आणि त्या कराराची हवाच निघाली. संयुक्त राष्ट्रांत नव्या जागतिक करकराराची बोलणी सुरू आहेत, ती 2027 मध्ये पूर्ण करायची आहेत. भारतानं तिथं जोरानं बोललं पाहिजे. पण दिल्ली-न्यूयॉर्ककडं डोळे लावून बसण्याआधी एक गोष्ट आपल्याच हातात आहे.

जुने लोक सांगतात, पूर्वी बाजारांत व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबून दर ठरवायचे. त्याला हत्ता पद्धत म्हणायचे. माल शेतकऱ्याचा, तो समोर उभा, आणि दर त्याला दिसायचा नाही. बाजार समित्यांच्या कायद्यानं तो रुमाल काढला आणि सौदा उघड्यावर आणला. गुळाचा सौदा आज सगळ्यांसमोर बोली लावून होतो. त्यानं शेतकऱ्याचे सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण कोण किती देतोय हे त्याच्या डोळ्यांना दिसायला लागलं, आणि भांडायला जागा मिळाली.

बहुराष्ट्रीय समूहांच्या हिशेबावरचा रुमाल अजून तसाच आहे. आणि सरकारला रुमालाखालचं दिसतं! 2016 पासून भारतात कायदा आहे, की ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या समूहानं (आता ती मर्यादा 6,400 कोटींची आहे) प्रत्येक देशात किती विक्री झाली, किती नफा दाखवला, किती माणसं कामाला आहेत आणि किती कर भरला, याचा देशनिहाय अहवाल द्यायचा. तो अहवाल प्राप्तिकर खात्याच्या कपाटात गुप्त राहतो. युरोपियन युनियननं 2021 मध्ये असे अहवाल जाहीर करण्याचा निर्देश काढला, ऑस्ट्रेलियानं 2024 मध्ये कायदा केला. भारतात त्यासाठी नवी माहितीही गोळा करायची नाही, असलेली खुली करायची आहे. एखाद्या बेटावर शून्य माणसं आणि हजार कोटी नफा, असं एका ओळीत छापून आलं की ते समजायला कर सल्लागार लागणार नाही.

त्याच्या जोडीला, मूळ समूहाला जाणाऱ्या रॉयल्टीवर 2009 पूर्वीची मर्यादा परत आणावी. निदान नुसत्या नावाच्या रॉयल्टीवर तरी. कंपनीमागचा खरा मालक कोण, याची नोंद आज कंपनी कायद्याखाली होते, ती कुणालाही सहज बघता यावी. आणि भागीदारी फर्मचा दर कंपनीच्या बरोबरीला आणावा. यातली शेवटची मागणी माझ्या अशिलांच्या सोयीची आहे, हे उघडच आहे. ती रास्तही आहे.

या सगळ्यातून आण्णांच्या फाउंड्रीला उद्या काय मिळेल? थेट हातात कदाचित काही नाही. पण 45 दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ते देईपर्यंत ती रक्कम खर्चात धरता येणार नाही, अशी तरतूद 2023 च्या अर्थसंकल्पानं सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी केली, तेव्हा आमच्याकडच्या काही वसुल्या मार्चअखेरीला अचानक हलल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. काही खरेदीदारांनी पळवाटाही शोधल्या, तेही पाहिलं. तरी करकायद्यातल्या एका ओळीनं तीन-तीन महिने अडकलेले पैसे दारात आले. खर्च कशाला म्हणायचं, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. रॉयल्टीच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे.

त्या संध्याकाळी विवरणपत्र भरून झालं. शेडमधलं ओतकाम संपलं होतं, साचे थंड व्हायला ठेवले होते. पुढच्या महिन्यात कंपनीच्या खरेदी विभागाबरोबर कॉस्ट डाउनची बैठक होती. मी निघताना आण्णांनी अहवालातलं ते रॉयल्टीचं पान उघडलं, पोराला हाक मारली आणि म्हणाले, “ह्याच्या दोन झेरॉक्स काढून आण. एक ह्या बैठकीला न्यायची हाय.”